५००० लिटरचा पंप, कोईच्या तळ्यात दहा महिने: खोक्यातलं ते निपल आधी कापा

जुलैमध्ये एका रात्री सव्वादोनला लेकाने उठवलं, आई, तळ्याचा आवाज बंद झालाय. बाहेर धो धो पाऊस. टॉर्च मारून बघितलं तर फिल्टरमधून पाण्याचा थेंब नाही, पंपाला हात लावला (स्विच बंद करून, हे आधी सांगते) तर गरम, आणि स्विच चालू केला की नुसता गुणगुणतोय. सहा कोई मासे आहेत आमच्याकडे, सगळ्यात मोठी दीड फुटाची, आणि सगळ्या वर तोंड काढून हवा घेत होत्या. घरात जुन्या टँकचा एअर पंप होता तो शोधून लावेपर्यंत पाऊण तास मी आणि लेक मगाने पाणी उचलून उंचावरून परत ओततोय, भर पावसात. मासे वाचले. पण त्या रात्रीमुळेच हा एवढा मोठा अनुभव लिहायला बसले.

आधी थोडं मागचं. आमचं बोरिवलीला वझिऱ्यात जुनं बैठं घर आहे, मागे आंबा, त्याच्या बाजूला १० बाय ५ चं साडेतीन फूट खोल तळं, म्हणजे ५००० लिटर धरा. पंप घेतला तो ५००० एलपीएचचा (म्हणजे तासाला ५००० लिटर), ६० वॉट, सोबत त्याच कंपनीचा प्रेशर फिल्टर, म्हणजे बंद डब्याचा, त्यात ११ वॉटचा यूव्ही, म्हणजे शेवाळ मारणारा अतिनील दिवा. बाकी स्पेक सगळ्यांना माहीत आहेत, परत लिहीत नाही. माझा हिशोब सरळ होता, तळं ५०००, पंप ५०००, तासाभरात सगळं पाणी एकदा फिल्टरमधून जाईल.

पहिले चार महिने पाणी कधी नीट स्वच्छ झालंच नाही. तळाशी गाळ, वर हिरवट झाक, मासे वरून दिसायचे पण तळ नाही. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला मॅडम, पंप छोटा पडतोय, दहा हजारवाला घ्या. घेणारच होते. पण दहा हजारवाला १४० वॉटचा, म्हणजे दिवसाला साडेतीन युनिटच्या आसपास, महिन्याला शंभर युनिट, आत्ताच्या पंपाला त्रेचाळीस पुरतात. युनिटला दहा रुपये धरले तरी दर महिन्याला पावणेसहाशे रुपये जास्त, वर पंपाची किंमत वेगळी. म्हणून आधी बादली लावून मोजायचं ठरवलं, आणि ते ठरवलं ते फार बरं झालं.

२० लिटरची बादली फिल्टरच्या आउटलेटखाली धरली, मोबाईलवर स्टॉपवॉच. ४१ सेकंद. परत केलं, परत ४१. म्हणजे तासाला साधारण १७५० लिटर. खोक्यावर ५०००, आणि येतंय १७५०! तळ्याचं पाणी एकदा फिरायला जवळजवळ तीन तास, कोईला ते तास-दोन तासांत फिरायला हवं.

आता यात फसवणूक किती आणि आपलं अज्ञान किती, हे मला नंतर कळलं. ५००० हा आकडा पंपाला पाणी वर चढवायला लागतच नाही तेव्हाचा असतो. बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं हेड मॅक्स ३.२ मीटर, तेवढ्या उंचीवर पाणी शून्य. मधल्या प्रत्येक उंचीला पाणी कमी कमी होत जातं. आणि उंची मोजायची ती तळ्याच्या पाण्याच्या पातळीपासून, पंप किती खोल बसलाय त्याचा संबंध नाही. आमची उंची १.१ मीटर. त्या उंचीला साडेतीन-पावणेचार हजार यायला हवे होते. मग उरलेले दोन हजार गेले कुठे?

गेले त्या निपलात आणि पाइपात. पंपाबरोबर पाइप जोडायला जे काळं प्लास्टिकचं निपल येतं ना, टप्प्याटप्प्याचं, एकावर एक चार टप्पे, दीड इंच, सव्वा, एक, पाऊण, ते कुठलाही पाइप बसावा म्हणून तसं केलेलं असतं. तुम्ही जाड पाइप मागच्या टप्प्यावर बसवला तरी पाणी शेवटी त्या पुढच्या पाऊण इंचाच्या भोकातूनच जातं! पुढचे टप्पे कापून टाकायचे असतात. हे खोक्यावर नाही, मॅन्युअलमध्ये नाही, दुकानदाराने सांगितलं नाही, कस्टमर केअरला माहीत नाही. कापलेल्या तुकड्यात माझी करंगळी जेमतेम शिरते, आणि पाच हजार लिटर म्हणून विकलेला पंप दहा महिन्यांतले चार महिने त्यातून श्वास घेत होता. आणि अशी निपलं एक नाही, तीन. पंपाला एक, फिल्टरला आत जाताना एक, बाहेर येताना एक. मला या एका गोष्टीचा जेवढा राग आहे तेवढा पंप बंद पडला त्याचाही नाही. मॅन्युअलमध्ये एक ओळ, "जाड पाइप लावत असाल तर इथून कापा", एवढंच हवं होतं.

पाइप मात्र माझी चूक. बागेचा पाऊण इंची पाइप घरात पडून होता तोच लावला, सात मीटर, दोन एल्बो. पाइपाची जाडी निम्मी झाली की तेवढंच पाणी न्यायला घर्षण साधारण ३२ पट होतं, हे माझ्या भावाने कागदावर मांडून दाखवलं तेव्हा डोळे उघडले.

पहिल्यांदा हॅक्सॉने पाऊण इंचाचा टप्पा उडवला, तिन्ही निपलांचा, आणि एक इंची पाइप लावला. २७ सेकंद. मग हुरूप आला, नागदेवी स्ट्रीटला जाऊन दीड इंची पाइप आणला, निपलं पार दीड इंचाच्या टप्प्यापर्यंत कापली, काटकोनातले एल्बो काढून तिथे ४५ चे दोन-दोन लावले, क्लिपा नवीन. सगळं मिळून अकराशे रुपये. प्लंबर भाऊ म्हणाले ताई, एवढ्याशा पंपाला दीड इंच कशाला, पाणी जोरात पडणार नाही. जोरात नाही पडत, खरंय. पण बादली १९ सेकंदांत भरली. तासाला ३८०० च्या जवळपास. तोच पंप, तेच ६० वॉट.

इथपर्यंत फिल्टरबद्दल माझं मत फार वाईट होतं, आणि पाणी वाढल्यावर ते आणखी वाईट झालं, कारण स्पंज आधी तीन आठवड्यांनी चोंदायचा तो आता सहा दिवसांत. एक स्टार द्यायचा विचार होता. मग लक्षात आलं की आधी घाण तळाशी बसून राहत होती, आता ती फिल्टरपर्यंत पोचतेय. म्हणजे फिल्टर काम करतोय. मत बदललं. पण दर आठवड्याला उघडायचा कंटाळा, म्हणून पंप दुधाच्या पिशव्यांच्या क्रेटमध्ये ठेवला, क्रेटला बाहेरून जाड फिल्टर मॅट गुंडाळली, खाली दोन विटा. पंपाच्या स्वतःच्या जाळीला आंब्याचं एक पान चिकटलं तरी पाणी अर्ध्यावर यायचं, क्रेटला एवढी जागा आहे की दहा पानं चिकटली तरी फरक पडत नाही. रविवारी क्रेट बाहेर काढून मॅटवर पाइपाने पाणी मारायचं, पाच मिनिटं. फिल्टर आता महिन्याने उघडते.

उघडल्यावर एक काळजी. वरचा जाड स्पंज कसाही धुवा, पण खालचे बायो बॉल आणि सिरॅमिक नळाखाली धरू नका. आपल्या म्युन्शिपाल्टीच्या पाण्यात क्लोरीन असतं, माशांच्या घाणीतला अमोनिया खाणारे बॅक्टेरिया त्या बॉलवर बसलेले असतात ते त्याने मरतात, आणि परत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तळ्याचंच पाणी टबमध्ये घ्यायचं, त्यात नुसतं हलवून काढायचं.

आणि पंप रात्री बंद करायचा नाही. आमचे बाबा, म्हणजे सासरे, झोपायच्या आधी घरभर फिरून स्विच बंद करतात, जन्माची सवय, त्यात पंपही बंद व्हायचा आणि सकाळी सहाला चालू. मला हे मार्चपर्यंत माहीतच नव्हतं. सकाळी मासे वर तोंड काढून आणि फिल्टरमधून पहिलं पाणी यायचं ते कुबट वासाचं, किटवर अमोनिया दिसायचा. बंद डब्यात पाणी फिरलं नाही की आतला ऑक्सिजन काही तासांत संपतो, बॅक्टेरिया मरायला लागतात, आणि सकाळी ती सगळी घाण माशांच्या अंगावर. वर रात्री शेवाळंसुद्धा ऑक्सिजन खातं, आणि आपल्या मुंबईच्या गरम पाण्यात तो मुळात कमी विरघळतो, २० डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम तर ३० ला साडेसातच. बाबांना हे समजावून सांगितलं, त्यांनी स्वतःच त्या स्विचवर चिकटपट्टी लावून लिहिलं, "मासे. बंद करू नये."

यूव्हीचं थोडक्यात. पाणी हिरवं होणं त्याने थांबतं, पाइप बदलून पाणी वाढल्यावर दोन आठवड्यांत तळ दिसायला लागला, पण भिंतीवरचं केसासारखं शेवाळ त्याने जात नाही, ते हातानेच काढायचं. ट्यूब वर्षाने बदलायची, पेटलेली दिसली तरी, कारण तिचा जोर कमी झालेला डोळ्यांना कळत नाही. बाहेरची काच मात्र दोन महिन्यांनी व्हिनेगरने पुसा.

आता त्या जुलैच्या रात्रीचं. सकाळी कस्टमर केअरला फोन. मॅडम, पावसात कॉइल जळली असणार, ते वॉरंटीत बसत नाही, पंप पाठवा, कुरिअर तुमचं, बघायला आठ ते दहा दिवस. मी म्हटलं दादा, तो गुणगुणतोय, कॉइल जळली असती तर गप्प बसला असता ना? उत्तर नाही, तिकीट नंबर घ्या. तीन दिवस फोन, तीन वेगळी माणसं, तीन वेळा पहिल्यापासून सगळी कहाणी. मासे दहा दिवस थांबतात का? एअर पंपावर दिवस काढत होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चिडून मीच पंप ओट्यावर घेतला. पुढचं झाकण पिळून निघतं, आतला इंपेलर (पाणी ढकलणारा पंखा) नुसता चुंबकाने धरलेला असतो, ओढला की येतो हातात. दोन पात्यांच्या मध्ये गोगलगाईचा शंख. मुगाच्या दाण्याएवढा. टूथपिकने काढला. दांडीवर क्षारांचा पांढरा थर बसला होता तो अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवून काढला, दांडी सिरॅमिकची असते, आपटू नका, तडकते. परत बसवला, चालू केला, बादली १९ सेकंद. खर्च शून्य.

म्हणजे पंप खरोखर चांगला आहे. अडकून गरम झाला तरी जळला नाही, आतल्या कटऑफने वाचवलं. सर्व्हिस वाईट, मशीन चांगलं, हे मला मान्य करावंच लागतं.

पावसाळ्यात अजून एक झालं. आपलं तलावांचं पाणी मुळातच मऊ, त्यात पावसाचं पाणी पडून केएच (पीएच स्थिर ठेवणारे पाण्यातले कार्बोनेट क्षार) २ वर आला आणि पीएच ७.६ वरून ६.४. तेव्हा फिल्टर स्वच्छ, पाणी भरपूर, तरी अमोनिया वाढतोय, कारण त्या बॅक्टेरियांना काम करायला केएच लागतो आणि ते तो संपवतातही. साधा खायचा सोडा, ५००० लिटरला १५० ग्रॅम टाकला की केएच साधारण १ डिग्री वाढतो. एकदम नाही टाकायचा, रोज तेवढाच, बादलीत विरघळवून. चार दिवसांत ६ वर आला. आता फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत कालवांच्या शिंपल्या ठेवल्यात, त्या हळूहळू विरघळत राहतात.

ज्यांच्याकडे लहान मुलं आहेत त्यांनी पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) लावल्याशिवाय तळ्यात पंप सोडूच नका. आमच्याकडे तो पहिल्या दिवसापासून आहे, बाकी सगळ्यात काटकसर केली, यात नाही.

ऑगस्टमध्ये म्युन्शिपाल्टीचे लोक डासांच्या अळ्या बघायला आले होते, टॉर्च मारून कोपरे बघितले, पाणी सगळीकडे हलतंय आणि अळी पडली तर कोई ठेवतच नाहीत, एकही मिळाली नाही.

पंपाला चार स्टार, फिल्टरला तीन, सर्व्हिसला एक. पाचवा स्टार त्या निपलाने खाल्ला आणि तो मी देणार नाही, कंपनीला दोनदा मेल केलाय की मॅन्युअलमध्ये कापायची खूण टाका, उत्तर आलेलं नाही. आज सकाळी बादली लावली, २१ सेकंद. मॅट धुवायला झालीय.