थेरपीचा काही महिन्यांचा अनुभव: पैसे वसूल होतात ते गृहपाठात

सगळ्यात आधी: दहा सत्रांचं पॅकेज आगाऊ घेऊ नका. एकेका सत्राचे पैसे द्या. थेरपिस्टशी जमतंय की नाही हे तीन-चार सत्रांत कळतं. जमलं नाही, तर भरलेल्या पैशांपायी माणूस उगाच जात राहतो.

समुपदेशक बोलून मदत करतो, मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असतो आणि औषधं देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे औषधं न देता मानसिक त्रासावर उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असावी लागते. ती परिषदेच्या संकेतस्थळावर बघता येते. नुसती ‘काउन्सेलर’ अशी पाटी लावायला तेवढंही लागत नाही, म्हणून शिक्षण कुठे झालं आणि कोणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे सरळ विचारा.

हा अनुभव सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) आणि आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी) पद्धतीचा आहे. दोन्हींत मनातले विचार तपासून भावना आणि वागणं बदलायचं असतं. नोकरी जाणं, घटस्फोट, निवृत्ती अशा बदलांनंतर मन खचतं, त्यासाठीचा. पहिल्याच महिन्यात लिहायला बसलो असतो तर पाचपैकी दोन दिले असते. बोलून मोकळं वाटतं, पण दोन दिवसांत सगळं जिथल्या तिथे. मत बदललं ते गृहपाठाच्या, म्हणजे दोन सत्रांच्या मधे घरी भरायच्या, तक्त्यामुळे, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहितो.

तक्त्यात रकाने असे: काय घडलं, त्या क्षणी मनात कोणता विचार आला, कोणती भावना आली आणि शंभरपैकी किती तीव्र, विचाराच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय, मग जास्त खरा विचार कोणता, आणि शेवटी भावना पुन्हा किती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आरईबीटी मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवली. त्यामुळे यासाठी मराठी शब्द आयते आहेत. तक्ता मराठीतच भरा. ज्या भाषेत मन स्वतःला टोचून बोलतं, त्याच भाषेत ते वाक्य कागदावर आलं पाहिजे.

तक्ता फसतो तो ठरावीक ठिकाणी. लोक तो सत्राच्या आदल्या रात्री आठवून भरतात. तोवर विचार विरून गेलेला असतो. प्रसंगानंतर तासाभरात दोन ओळी पुरतात. दुसरं, विचाराच्या रकान्यात ‘वाईट वाटलं’ लिहितात. ती भावना झाली. ‘नोकरी गेली म्हणजे मी कुचकामी’ हा विचार, आणि तपासता येतो तो हाच. तिसरं, शेवटी ‘सगळं छान होईल’ असं लिहितात. मनाला ते पटत नाही आणि आकडा हलत नाही. ‘नोकरी गेली हे वाईटच, पण त्यावरून माझी सगळी किंमत ठरत नाही’ हे पटतं. ८० वरची भावना ६० वर आली तरी तक्ता चालला असं समजा. शून्याची अपेक्षा धरू नका.

आणि माझा खरा राग इथे आहे: काही थेरपिस्ट गृहपाठ देतात आणि पुढच्या वेळी बघतच नाहीत. तसं दोनदा झालं की माणूस लिहिणं सोडतो, आणि मग उरतात त्या महागड्या गप्पा. फी १५०० आणि सत्र ५० मिनिटांचं धरलं, तर मिनिटाला ३० रुपये. ‘आठवडा कसा गेला’ यात दहा मिनिटं गेली की ३०० रुपये संपले. आत गेल्याबरोबर तक्ता समोर ठेवा आणि आजचा विषय सांगा. महत्त्वाची गोष्ट उठताना सांगायची सवय असेल तर तीच आधी काढा.

निवृत्ती किंवा नोकरी गेल्यावर तक्त्याआधी दिवसाचं वेळापत्रक येतं: उठायची वेळ, एक काम, एका माणसाशी बोलणं, रोज. इच्छा होण्याची वाट बघायची नाही. आधी कृती, उत्साह मागून येतो. घरातलं माणूस गेलं असेल तर मात्र दुःखाशी तक्त्यात वाद घालायला लावणारा थेरपिस्ट नको. घरात मारहाण होत असेल तर विचार तपासण्याआधी सुरक्षितता.

प्रगती अंदाजाने मोजू नका. पीएचक्यू-९ ही नैराश्य किती आहे हे मोजणारी नऊ प्रश्नांची, २७ गुणांची चाचणी दर दोन-तीन आठवड्यांनी भरा. पाच गुणांची घट म्हणजे खरा फरक. सात-आठ सत्रांनंतरही आकडा तिथेच असेल तर पद्धत किंवा माणूस बदलण्याचा विषय काढा. १५ च्या वर असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटून औषधांचं विचारा. नवव्या प्रश्नाला, स्वतःला इजा करण्याच्या विचाराला, ‘हो’ असेल तर पुढच्या सत्राची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही.

विम्याची आशा बेताची ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांप्रमाणेच धरायला लावलं, पण बऱ्याच पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात. ओपीडीचं, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांचं, संरक्षण आहे का बघा, पावत्या नोंदणी क्रमांकासकट घ्या.

आता पाचपैकी चार. एक कापला, कारण आठवड्यावरून पंधरवड्यावर आणि मग महिन्यावर सत्रं नेताना पुढची योजना लेखी मिळत नाही, मागावी लागते. मागाच: घसरण सुरू झाल्याच्या तीन खुणा, त्या दिसल्यावर कोणता तक्ता काढायचा, आणि किती दिवस तशाच राहिल्या तर फोन करायचा.