२,१४,००० किलोमीटर झालेली टर्बो डिझेल: सगळं अडलं एका रबरी पाइपापाशी

गोव्याहून बेळगावकडे जाणारा चोर्ला घाट चढताना तिसऱ्या गियरमध्ये गाडीचा दम गेला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी आरपीएम दोन हजारांच्या वर जाईना, मागे काळा धूर आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा. स्कॅनरवर कोड आला पी०२९९, म्हणजे टर्बोचं (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं) प्रेशर हवं तेवढं बनत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरने एवढ्यावरच टर्बो बदलायचं एस्टिमेट काढून दिलं. पाइप उघडले नाहीत, टर्बोचा शाफ्ट हलवून पाहिला नाही, प्रेशर टेस्ट केली नाही. खरा दोष निघाला टर्बोकडून इंटरकूलरला (ती हवा थंड करणाऱ्या जाळीला) जाणाऱ्या होज पाइपात. क्लॅम्पच्या (पाइप जोडावर आवळणाऱ्या पट्टीच्या) लगत, खालच्या अंगाला, वरून दिसणार नाही अशा जागी दीड इंचाची चीर. या पाइपाची किंमत एका टाकी डिझेलपेक्षा कमी आहे. टर्बो तेव्हाही धड होता आणि त्याला दीड वर्ष झालं तरी अजून तोच चालू आहे.

१२४८ सीसीचं हे इंजिन सगळ्यांच्या ओळखीचं आहे, त्यामुळे पॉवर आणि ॲव्हरेजवर लिहीत नाही. लिहायचं आहे ते या पाइपावर, कारण दोन लाखांच्या पुढे गेलेल्या बऱ्याच गाड्यांचे टर्बो या पाइपापायी फुकट बदलले जातात असं माझं ठाम मत झालं आहे. आणि वेळीच लक्ष दिलं नाही तर टर्बो खरंच जातो. चिरेतून हवा निसटली की इंजिनला ठरलेलं प्रेशर मिळत नाही. वेस्टगेट (जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) बंदच राहतं आणि तेवढंच प्रेशर भरून काढायला टर्बो जास्त वेगाने फिरतो. हे छोटे टर्बो मुळातच मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास जातात, शाफ्ट नुसत्या ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्यावर आणखी वेग आणि उष्णता लादली की बेअरिंग संपतं. हवा कमी पडल्यामुळे काजळीही वाढते, ती ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेत) आणि मॅप सेन्सरवर (इंजिनात जाणाऱ्या हवेचं प्रेशर मोजणाऱ्या) बसते. म्हणजे एका पाइपामागून तीन कामं निघतात.

तपासायची पद्धत सोपी आहे. फोनला जोडायचा ओबीडी डोंगल (गाडीच्या कंप्युटरचं रीडिंग फोनवर दाखवणारं छोटं यंत्र) घ्या आणि मॅप सेन्सरचं रीडिंग बघा. इग्निशन ऑन, इंजिन बंद असताना पणजी, म्हापसा, मडगाव इथे आकडा १०० किलोपास्कलच्या आसपास हवा, कारण आपण समुद्रसपाटीला आहोत. चोर्ल्याच्या माथ्यावर तोच आकडा नव्वदीत दिसेल, तो दोष नाही. मग तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन चढ घ्या. या इंजिनला आकडा दोनशेच्या वर गेला पाहिजे. दीडशे-एकशेसाठला अडकला तर हवा कुठेतरी गळते आहे किंवा ईजीआर उघडा अडकला आहे.

गळती नेमकी कुठे ते बघायला इंजिन बंद आणि थंड असताना टर्बोच्या तोंडाचा एअर फिल्टरकडचा पाइप काढा. त्या मापाची पीव्हीसी एंड कॅप घ्या, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा आणि क्लॅम्पने घट्ट करा. क्रँककेसच्या ब्रीदरची नळी (इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी) आधी काढून बंद करायला विसरू नका, नाहीतर हवा इंजिनच्या पोटात जाऊन ऑइल सील उचलले जातील. टायरच्या पंपाने १० पीएसआयपर्यंतच हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी टाका. हवा हळूहळू उतरेलच, कारण एखाद्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे असतात. पण जोडावर बुडबुडे आले तर तिथेच दुखणं आहे. पाइप हाताने वाकवून खालची बाजू बघा, चीर बहुतेकदा तिथेच असते. ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ पाइपाच्या तळाला साचते आणि रबर आतून मऊ करते.

टर्बो तपासायला त्याच उघड्या तोंडातून कॉम्प्रेसर चाकाचा नट दोन बोटांनी धरा. बाजूला किंचित खेळ चालतो. आत-बाहेर मात्र अजिबात हलता कामा नये, आणि पाती कवचाला घासल्याची खूण नको. हे बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत. ती न बघता एस्टिमेट देणं हा ग्राहकावर अन्याय आहे. जॉब कार्डावर 'प्रेशर टेस्टनंतरच पार्ट बदलावा' असं लिहून घ्या आणि काढलेला पार्ट परत मागा.

सुरुवातीला मी सिलिकॉनचा पाइप घालायची शिफारस करत होतो. उष्णता सोसतो, दिसायला दणकट, आणि पहिले चार-पाच महिने रीडिंगही उत्तम होतं. आता ते मत बदललं आहे. चवथीच्या आधी बॉनेट उघडलं तेव्हा पाइप बाहेरून घामेजल्यासारखा तेलकट होता, दाबला तर भिंत ढिली लागत होती. साध्या सिलिकॉनमधून ऑइल झिरपतं. आतून फ्लोरोसिलिकॉनचा थर असलेला घ्यायला हवा, आणि दुकानात तसा सांगून मिळेलच याची खात्री नाही. त्यापेक्षा कंपनीचा रबरी पाइप घाला आणि दर ६०,००० किलोमीटरला बिनतक्रार बदला.

क्लॅम्पमध्ये मात्र काटकसर करू नका. साधा स्क्रूचा क्लॅम्प रबर कापतो, आणि झिंकचा असेल तर किनाऱ्याजवळच्या गाडीत खाऱ्या वाऱ्याने एका पावसाळ्यात गंजतो. स्टेनलेस ३०४ चा टी-बोल्ट क्लॅम्प घ्या. बसवण्याआधी पाइपाचं आणि नळीचं तोंड ब्रेक क्लीनरने पुसून कोरडं करा, तेलकट राहिलं तर घाटात पाइप निसटतोच. इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा पातळ थर दिसला म्हणून घाबरू नका, तो ब्रीदरचा. ओतून निघेल एवढं ऑइल साचलं असेल तरच टर्बोचे सील आणि ऑइल परतीची नळी बघा. ती नळी दबलेली किंवा कोंबलेली असेल तर चांगला टर्बोसुद्धा निळा धूर काढतो.

ऑइलचं थोडक्यात. तीन लिटरच्या थोडं वर लागतं, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं फुल सिंथेटिक घाला आणि १०,००० ची वाट न बघता ७,५०० ला बदला. पणजी ते पर्वरी असा रोजचा ट्रॅफिक असेल तर इंजिन धड तापत नाही आणि ऑइल लवकर काळं होतं. डिपस्टिक महिन्यातून एकदा सपाट जागी. गाडी बंद करण्याआधी दोन मिनिटं आयडलवर ठेवायची सवयही आता सोडली आहे. गावात सावकाश आल्यावर टर्बो तापलेलाच नसतो. अनमोडचा घाट चढून लगेच थांबलात किंवा हायवेवर दामटून आलात तरच मिनिटभर चालू ठेवा, नाहीतर टर्बोतलं ऑइल जागच्या जागी जळून कोळसा होतं आणि बारीक वाट बुजते.

डिचोली, साखळी, उसगाव भागात लाल धूळ इतकी असते की एअर फिल्टर ५,००० ला उघडून बघावा. फुंकर मारून परत घालू नका, नवा घाला. डिझेल फिल्टरमधलं पाणी पावसाळ्यात दोनदा काढा. सकाळी स्टार्ट करताना इंजिनातली टायमिंग चेन दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खडखडली तर आधी ऑइल बघा, मग टेन्शनर (चेन ताणून ठेवणारा भाग).

या घडीला चढावर रीडिंग २१५ च्या आसपास येतं, धूर नाही, आणि दोन ऑइल चेंजच्या मधे टॉप-अप लागत नाही. मिरगाआधी सगळे क्लॅम्प पुन्हा पाना लावून बघायचे आहेत. काढलेला सिलिकॉनचा पाइप डिकीत ठेवला आहे, सोबत दोन क्लॅम्प आणि त्यांच्या नटाचा सॉकेट. घाटात पाइप फुटलाच तर खाली गॅरेजपर्यंत यायला तो पुरतो.