जुनी ब्रिटिश कॉमेडी: गून शो, हॅनकॉक, स्टेप्टो, काही महिने ऐकून-बघून झाल्यावर

गेले काही महिने रोज रात्री जेवणं झाली की हेच चालू आहे, पहिले दोन रेडिओवरचे ऑडिओ, तिसरा डीव्हीडी सेट. आता मनापासून सांगू शकतो की क्रमानेच घ्या.

आधी गून शो (1951 ते 1960). लिहिणारा स्पाइक मिलिगन आपल्या अहमदनगरला जन्मलेला, लहानपण बरंचसं पुण्यात, पुढे महायुद्धात तोफखान्यात होता आणि इटलीत जखमी झाला. शोमध्ये नुसते स्फोट, चित्रविचित्र आवाज, कशाचा कशाला मेळ नाही, युद्धातून जिवंत परत आलेल्या पोरांचा धिंगाणा वाटतो. भारी आहे, पण सलग ऐकलं तर डोकं भणभणतं, रोज एकच भाग बास.

मग हॅनकॉक, म्हणजे टोनी हॅनकॉक या विनोदी नटाचा रेडिओ शो, आणि इथे सगळं बदलतं. गॅल्टन आणि सिम्पसन ही लेखकांची जोडी टीबीच्या सॅनेटोरियममध्ये जमलेली. 1954 पासून त्यांनी मधली गाणी, सुटे चुटके काढून टाकले, माणसाच्या स्वभावातूनच हसू येऊ दे म्हणाले. 1958 चा रविवार दुपारचा भाग ऐकाच ऐका. करायला काही नाही, हॅनकॉक उसासे टाकतो, वेळ विचारतो, एवढेच वाजले का म्हणून वैतागतो, वॉलपेपरच्या नक्षीत चेहरे शोधतो. रेडिओवर इतकी शांतता ठेवायची म्हणजे काय हिंमत पाहिजे!

स्टेप्टो अँड सन (1962 पासून) त्याच जोडीचं, पण यात विनोदवीर नाहीत, नाटकातले कसलेले नट आहेत. लंडनचे भंगारवाले बाप-लेक. पहिल्याच कथेत मुलगा सामान गाडीवर लादून घर सोडायला निघतो, बाप घोडा देत नाही, तो स्वतः गाडी ओढायला जातो आणि ती जागची हलत नाही, रडायलाच लागतो. हसता हसता माझ्या घशात आवंढा आला. पुढे टीव्हीवर एका घरात अडकलेली, एकमेकांना न सोडू शकणारी माणसं इतकी दिसतात, त्याचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

घेण्याआधी दोन गोष्टी. ब्रिटनच्या डीव्हीडी रिजन 2 च्या असतात, आपल्याकडच्या रिजन 5, त्यामुळे प्लेअर मल्टी-रिजन, म्हणजे सगळ्या रिजनच्या डीव्हीडी चालवणारा, आहे ना बघा. आणि स्टेप्टोचे 1970 चे बरेच भाग रंगीत शूट होऊनही ब्लॅक अँड व्हाईटच मिळतात, बीबीसीने टेप पुसल्या होत्या, लेखकांनी स्वतःकडे कॉपी ठेवल्या म्हणून वाचले. चित्र धुरकट आहे, पण सेट खराब निघाला समजून परत पाठवू नका.