इन्कॉग्निटो, व्हीपीएन की ॲड-ब्लॉकर? पैसे भरण्याआधी

ठाणे-नवी मुंबईतल्या ओळखीच्या लोकांकडून मला एक प्रश्न सतत येतो: "व्हीपीएन घेऊ का, की इन्कॉग्निटोवर भागेल?" विचारणाऱ्याच्या स्क्रीनवर बहुधा 'ऑफर संपायला दोन तास' असा काउंटर पळत असतो. त्या काउंटरकडे लक्ष देऊ नका, ऑफर पुढच्या आठवड्यातही असते.

प्रश्नातच एक गडबड आहे. इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी, फुकटातलं आणि व्हीपीएन, म्हणजे आपलं नेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा, त्याचंच विकतचं, भारी रूप, असं धरून चाललेलं असतं. प्रत्यक्षात दोन्हींचं काम वेगळं आहे. तुम्हाला लपायचंय कोणापासून, ते आधी ठरवा. घरच्यांपासून, नेट देणाऱ्या कंपनीपासून, जाहिरातवाल्यांपासून की ऑफिसपासून? तिथून पुढे निवड सोपी होते.

उदाहरण घेऊ. नौपाड्यातलं एक घर, केबलवाल्याने दिलेलं ब्रॉडबँड, सगळ्यांत मिळून एक लॅपटॉप. घरातले काका 'मूळव्याध घरगुती उपाय' असं गूगलवर शोधतात आणि एका आरोग्यविषयक साइटवरचा लेख उघडतात. काहीच खबरदारी न घेता हे केलं तर कोणाला काय कळतं?

घरच्यांना हिस्ट्रीतून सगळं कळतं. गूगलला शोध कळतो, आणि लॉगिन असेल तर कोणी शोधलं तेही. साइटला कळतं की या आयपी पत्त्यावरून (नेट जोडणीला मिळालेल्या क्रमांकावरून) कोणीतरी हा लेख वाचला. त्या पानावर ज्या जाहिरात कंपन्यांच्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, बसवलेल्या असतात, त्यांनाही खबर जाते. संध्याकाळी मुलगा क्रिकेटचा स्कोअर बघायला बसतो तर बाजूला मलमाची जाहिरात. नेट देणाऱ्या कंपनीला मात्र लोकांना वाटतं तितकं दिसत नाही. साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येऊ नये अशा सांकेतिक जोडणीवर, असेल, आणि आता बहुतेक असतातच, तर कंपनीला साइटचं नाव दिसतं. कोणता लेख उघडला, त्यात काय वाचलं, हे दिसत नाही.

आता हेच काका एकेक पर्याय वापरून पाहतील.

इन्कॉग्निटो

क्रोममध्ये हा प्रकार २००८पासून आहे आणि त्याबद्दलचा गैरसमजही जवळपास तितकाच जुना असावा. खिडकी बंद केली की त्या वेळची हिस्ट्री आणि कुकीज (साइट ओळख लक्षात ठेवायला ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी) त्या लॅपटॉपवरून पुसल्या जातात, एवढंच. मुलाला कळणार नाही, आणि पुढच्या वेळी स्कोअरच्या शेजारी मलम दिसण्याची शक्यता बरीच कमी होईल. पण नेट कंपनीला साइटचं नाव दिसतं ते दिसतंच, साइटला आयपी दिसतो तो दिसतोच. त्याच खिडकीत काकांनी जीमेल उघडलं तर गूगललाही माणूस सापडला. डाउनलोड केलेली पीडीएफ तर 'डाउनलोड्स'मध्ये तशीच बसलेली असते, आणि पकडले जातात ते बहुतेक वेळा तिथेच.

हा गैरसमज अमेरिकेत कोर्टापर्यंत गेला. इन्कॉग्निटोतही गूगल माहिती गोळा करतं, असा दावा २०२०मध्ये तिथे दाखल झाला. २०२४च्या तडजोडीत गूगलने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचं मान्य केलं, आणि इन्कॉग्निटोच्या पहिल्या पानावरची सूचनाही आता अधिक स्पष्ट केली आहे. ती सूचना एकदा वाचून बघा. आपण सगळेच ती न वाचता टाइप करायला लागतो.

दुसऱ्याच्या मशीनवर मात्र इन्कॉग्निटोला तोड नाही. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी मेल उघडायचा असेल तर इन्कॉग्निटोतच उघडा आणि निघताना खिडकी बंद करा.

व्हीपीएन

विकतचा पर्याय असल्याने सगळ्यात जास्त थापाही इथेच ऐकायला मिळतात, म्हणून जरा थांबून पाहू.

व्हीपीएन चालू केलं की काकांचा सगळा ट्रॅफिक आधी व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून पुढे. केबलवाल्याच्या कंपनीला आता आरोग्याच्या साइटचं नावही दिसत नाही. आधी जे नेट कंपनीला दिसत होतं, ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतं. वॉचमन बदलला, गेटवरची वही तीच. तेव्हा खरा प्रश्न असा: केबलवाल्यापेक्षा या परदेशी कंपनीवर तुमचा जास्त विश्वास आहे का? असेल तर घ्या. फुकट व्हीपीएनच्या बाबतीत मी सरळ नाही म्हणतो. फेसबुकने २०१३मध्ये 'ओनावो' नावाची कंपनी विकत घेतली होती. तिचं फुकट व्हीपीएन ॲप 'तुमचा डेटा सुरक्षित ठेवतो' म्हणत लोक कोणकोणती ॲप किती वापरतात याची माहिती फेसबुकला पुरवत होतं. ॲपलने ते २०१८मध्ये आपल्या स्टोअरवरून काढायला लावलं आणि पुढच्या वर्षी फेसबुकने गाशा गुंडाळला.

आणि मलमाची जाहिरात? ती येतच राहते! जाहिरात कंपनी माणूस ओळखते ती मुख्यतः कुकीज, लॉगिन आणि ब्राउझरच्या एकूण ठेवणीवरून. स्क्रीनचा आकार, फॉन्ट, भाषा, टाइम झोन अशा बारीकसारीक गोष्टी एकत्र केल्या की बरेचसे ब्राउझर वेगळे ओळखू येतात. आयपी पत्ता हा त्यातला एक धागा, आणि व्हीपीएन तेवढाच बदलतं. गूगलला लॉगिन ठेवून व्हीपीएन लावलेल्या काकांचा शोध त्यांच्याच खात्यात, त्यांच्याच नावाने जमा होतो.

जाहिरातींत हमखास दिसणारी दुसरी भीती म्हणजे स्टेशनवरचं वाय-फाय. ठाण्याच्या फलाटावर हुडी घातलेला कोणीतरी बसलाय आणि तुमचा बँकेचा पासवर्ड वाचतोय, असं चित्र. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यात तथ्य होतं. आता बँकेची साइट आणि ॲप दोन्ही एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक, असतात, मधल्या माणसाच्या हाती कचरा लागतो. फुकट वाय-फायची खरी किंमत वेगळी आहे. मोबाइल नंबर आणि ओटीपी दिल्याशिवाय ते चालूच होत नाही, म्हणजे कोण आहात हे आपण आधीच सांगून बसलेलो असतो.

'पत्त्याशेजारी कुलूप दिसतंय म्हणजे साइट खरी' हाही असाच एक समज. कुलुपाचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि साइटच्या मधल्या वाटेवर कोणी वाचू शकत नाही. पलीकडे बँक बसली आहे की भामटा, हे कुलूप सांगत नाही. कुलुपासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट आणि काही मिनिटांत मिळतं, त्यामुळे वीजबिलाच्या नावाने आलेल्या खोट्या लिंकवरही कुलूप असतं. लोकांचा हा गोंधळ पाहून क्रोमने सप्टेंबर २०२३मध्ये ते चिन्हच काढून टाकलं. खोट्या साइटपासून व्हीपीएन जात्या वाचवत नाही, पत्ता नीट वाचणं वाचवतं.

भारतापुरता एक मुद्दा. व्हीपीएन वापरणं आपल्याकडे सरसकट बेकायदा नाही, ते भय सोडा. पण सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, २८ एप्रिल २०२२ला आदेश काढला की व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, दिलेले आयपी अशी माहिती पाच वर्षं जपून ठेवावी. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर हलवले, प्रोटॉननेही तेच केलं. ॲपमध्ये 'इंडिया' हे ठिकाण काहींकडे अजून दिसतं, पण सर्व्हर सिंगापूरला किंवा लंडनला असू शकतो. गंमत बघा, ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात एवढी डेटा सेंटरं उभी आहेत आणि ऐरोलीतल्या घरातून 'इंडिया' निवडलेला ट्रॅफिक समुद्र ओलांडून परत येतोय. वेग का मंदावला, याचं उत्तर कधीकधी एवढंच असतं.

ऑफिसचं व्हीपीएन

ऐरोली, महापे, घणसोलीच्या आयटी पार्कांत काम करणाऱ्यांसाठी हे वेगळं सांगायलाच हवं. "ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन चालूच असतं, मी सेफ आहे," हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकलंय, आणि वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. ते व्हीपीएन तुम्हाला कंपनीपासून लपवत नाही, ते तुमचा ट्रॅफिक कंपनीच्या दारात नेतं. शिवाय लॅपटॉप कंपनीचा असल्यामुळे त्यात कंपनीचं स्वतःचं प्रमाणपत्र बसवलेलं असू शकतं, आणि मग एचटीटीपीएसचा ट्रॅफिकही मध्ये उघडून तपासता येतो. इन्कॉग्निटो लावलं तरी फरक पडत नाही. दुसरी नोकरी शोधताय? स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर शोधा. इथे दुसरा पर्याय मला माहीत नाही.

ब्लॉकर आणि बरा ब्राउझर

माझं झुकतं माप इथे आहे, लपवत नाही. काकांच्या लॅपटॉपवर फायरफॉक्स ब्राउझर आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं ॲप) टाकलं, तर लेख उघडताना जाहिरात कंपन्यांच्या बहुतेक स्क्रिप्ट मुळात लोडच होत नाहीत. पान पटकन उघडतं आणि मलम मागे लागत नाही. नेट कंपनीला साइटचं नाव दिसतं, साइटला आयपी दिसतो, गूगलला शोध कळतो, त्यात बदल नाही. पण रोजचा जो वैताग आहे, म्हणजे एका साइटवर बघितलं आणि दहा साइटवर तेच दिसलं, तो इथे मिटतो. तोही फुकटात.

क्रोममध्ये हे का नको? तिसऱ्या कंपन्यांच्या, म्हणजे उघडलेल्या साइटखेरीज इतरांच्या, कुकीज सफारीने मार्च २०२०पासून बंद केल्या. फायरफॉक्सने जून २०२२पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या कप्प्यात ठेवायला सुरुवात केली. गूगलने २०२०च्या जानेवारीत 'दोन वर्षांत बंद करू' म्हटलं, तारखांवर तारखा दिल्या आणि जुलै २०२४मध्ये बेत सोडला. एक्स्टेन्शनचे नियम बदलल्याने मूळ यूब्लॉक ओरिजिन आता क्रोममध्ये चालत नाही, 'लाइट' आवृत्ती चालते. जाहिरातींवर पोट असलेल्या कंपनीच्या ब्राउझरकडून यापेक्षा वेगळं काय होणार? फायरफॉक्स नको असेल तर ब्रेव्ह बघा, त्यात ब्लॉकर आतच आहे. अँड्रॉइडच्या फायरफॉक्समध्येही यूब्लॉक टाकता येतं. आयफोनच्या फायरफॉक्समध्ये नाही, तिथे सफारी ठेवा आणि ॲप स्टोअरवरून ब्लॉकर घ्या.

फोनमधल्या इतर ॲपमधल्या जाहिरातींसाठी अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारी सेवा आपण निवडायची सोय. तिथे ॲडगार्ड या जाहिराती अडवणाऱ्या सेवेचा पत्ता टाकला की ॲपमधल्याही पुष्कळ जाहिराती गायब होतात, यूट्यूबच्या सोडून. एक अडचण येते: स्टेशनच्या किंवा मॉलच्या वाय-फायचं लॉगिन पान कधीकधी उघडतच नाही. तेवढ्यापुरतं ते 'ऑटोमॅटिक'वर आणा, ओटीपी टाका, परत लावा. आणि यालाच व्हीपीएन समजू नका, साइटची नावं नेट कंपनीला यानंतरही बहुतेक वेळा कळतात.

ओळख लपवायला ट्रॅफिक अनेक सर्व्हरांतून फिरवणाऱ्या टॉर ब्राउझरचं नावही कोणीतरी काढतंच. पत्रकाराला किंवा ज्याच्या जिवावर बेतलंय अशा माणसाला ते लागतं. काकांना नाही. वेग बैलगाडीचा, आणि दर दुसरी साइट 'तुम्ही रोबो नाही ना' विचारते.

मग घ्यायचं काय?

एकच लॅपटॉप चौघं वापरत असाल तर आधी प्रत्येकाचं वेगळं युजर खातं करा, इन्कॉग्निटो त्यानंतर. जाहिरातींचा पिच्छा नको असेल तर ब्लॉकर, आज संध्याकाळी, दहा मिनिटांत. नेट कंपनीला साइटची नावंही कळू नयेत असं खरोखर वाटत असेल, किंवा हॉटेल-हॉस्टेलच्या नेटवर महिनोन्‌महिने राहायचं असेल, तर पैसे देऊन व्हीपीएन घ्या. नोंदी ठेवत नसल्याच्या दाव्याचं बाहेरच्या संस्थेकडून ऑडिट झालंय का ते बघा, आणि दोन वर्षांचं पॅकेज न घेता आधी एका महिन्याचं घ्या. महाग पडतं, पण तेवढ्यात बँकेचं ॲप व्हीपीएनवर रुसतं का ते कळतं. पैसे परत मिळण्याची मुदतही तपासा.

आणि हे सगळं लावून झाल्यावर झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर आधारकार्डाचा पूर्ण फोटो पाठवणार असाल, तर वरच्या कशाचाच उपयोग नाही. माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर दीड वर्षाची मुदत आहे. तोवर दुकानातल्या फोनमधला तो फोटो तसाच राहणार. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवून घेता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. चालत असेल तिथे तेच द्या, आणि प्रिंट मिळाल्यावर त्याच्या फोनमधून फाइल आपल्यासमोर डिलीट करायला सांगा. काउंटरवर गर्दी असली तरी सांगा.