ट्रेलरच्या ब्रेकचं वायरिंग तपासायला मीटर की बल्ब?

पिकअपमागच्या ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक लागेनासे झाले की हातात डिजिटल मल्टिमीटर घ्यायचा की साधा टेस्टिंग बल्ब? माझ्याकडे दोन्ही आहेत आणि या प्रश्नापायी माझे दोन रविवार गेलेत. मीटर आकडा दाखवतो, बल्ब पेटतो किंवा पेटत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते सोडून देतो.

झालं असं, की कंट्रोलरचा (ट्रेलरच्या ब्रेकला करंट सोडणारा, ड्रायव्हरपाशी बसवलेला डबा) हातलिव्हर पूर्ण दाबला तरी ट्रेलर ढिम्म. प्लग काढून गाडीच्या सॉकेटमध्ये निळ्या, म्हणजे ब्रेकच्या वायरच्या पिनवर मीटर लावला, बायकोला लिव्हर दाबायला सांगितलं. 12.3 व्होल्ट! गाडीकडून सप्लाय चोख आहे म्हणजे घोळ ट्रेलरमध्येच, असं धरून चाकं उतरवली, ड्रम उघडले, आतले मॅग्नेट (करंट मिळाला की ब्रेक लावणाऱ्या कॉइल) तपासले. सगळे ठणठणीत. पुढच्या रविवारी वैतागून त्याच पिनवर इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब लावला, तर आतली तार नुसती लालसर झाली, राखेतल्या निखाऱ्यासारखी.

म्हणजे घोळ गाडीकडेच होता. मग गाडीच्या चेसीखाली आडवा पडून निळी वायर हाताने चाचपत पुढे गेलो. आधीच्या मालकाने वायर न सोलता नुसती दाबून बसवायची प्लास्टिकची क्लिप लावली होती. उघडली तर हिरवी पूड, आणि तांब्याच्या दोन-तीन तारा कशाबशा धरून राहिलेल्या.

मीटर खोटं बोलत नव्हता, पण त्याचा रेझिस्टन्स साधारण 10 मेगाओहम असतो, म्हणजे तो करंट जवळजवळ ओढतच नाही. एका केसाएवढ्या तारेतूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. 10-12 इंची ड्रममधला एकेक मॅग्नेट मात्र सुमारे 3 अँपिअर मागतो. दोन अ‍ॅक्सलचे चार धरले तर 12. 21 वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. चार मॅग्नेटपुढे हे काहीच नाही, पण किडलेला जोड उघडा पाडायला पुरेसं होतं. (एलईडीवाला टेस्टर इथे कुचकामी, तोही मीटरसारखाच फसतो.)

मीटरची बाजू अगदीच लंगडी नाही. मॅग्नेटच्या दोन्ही वायर सोडवून रेझिस्टन्स बघायचा तर तोच हवा. 3-4 ओहमच्या आसपास आला तर कॉइल ठीक, शून्याकडे झुकला तर शॉर्ट, काहीच आलं नाही तर तुटलेली. अर्थिंगची शंका असेल तर ट्रेलर जोडलेला ठेवून, ब्रेक दाबून, ट्रेलरची पांढरी (अर्थिंगची) वायर आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर लावावा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग कुठेतरी गंजलंय असं मी धरतो. ही चाचणी बल्बला जमणार नाही.

पण लिव्हर अर्धवट दाबून मीटरकडे बघा. कंट्रोलर सलग व्होल्टेज न देता ते झटपट चालू-बंद करत सोडतो, त्यामुळे आकडा कधी कधी असा नाचतो की काय समजायचं कळत नाही. बल्ब मात्र लिव्हरबरोबर मंद होतो, उजळतो. गाडीखाली आडवं पडलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

बल्बवाल्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. एअरबॅगच्या किंवा कॉम्प्युटरच्या वायरला तो लावू नये. आणि कंपनीतूनच बसवून आलेले काही कंट्रोलर ट्रेलर जोडलेला दिसल्याशिवाय नीट आउटपुट सोडत नाहीत. तिथे नुसत्या बल्बवरून निदान करायला गेलात तर बल्बही तुम्हाला फसवेल.

तुमच्या गाडीत दोष कुठला निघेल कोण जाणे, त्यामुळे ठाम सांगणं बरं नाही. तरी आधी काय घ्यावं असं विचारलंत तर मी बल्ब म्हणेन. होल्डर, दोन वायरी आणि एक क्रोकोडाइल क्लिप, काम झालं. माझा आता गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यातच असतो. मीटर घरी आहे. चारही मॅग्नेटचा करंट एकदम मोजायला गेलो तेव्हा त्याचा 10 अँपिअरचा फ्यूज उडाला, तो अजून बदललेला नाही.