टी-५५ चं किट : टामिया घ्यावं की मिनीआर्ट?

१/३५ मापात, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढं, टी-५५ या सोव्हिएत रणगाड्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल जोडायचं ठरवलं की गाडी बहुतेक दोन डब्यांपाशी येऊन थांबते. एक टामियाचा टी-५५ए, दुसरा मिनीआर्टचा टी-५५. मिनीआर्टनं याच रणगाड्याचे इतके उपप्रकार काढलेत की त्यातला कुठला घ्यायचा, हाच वेगळा विषय व्हावा. दोन्ही किट चांगली आहेत. पण एकाला जमणारं किट दुसऱ्याला जमेलच असं नाही, आणि चुकीचा डबा घेतला तर तो अर्धवट अवस्थेत माळ्यावर जातो.

टामिया ही जपानमधल्या शिझुओकाची कंपनी. तिचा टी-५५ए २००२ चा. वय झालं तरी जोडणीच्या बाबतीत त्याला आजही नावं ठेवता येत नाहीत. भाग कापा, कडा पॉलिश पेपरनं पुसा, पातळ सिमेंटचा (प्लॅस्टिक जोडायच्या द्रवाचा) ब्रश फिरवा, बसला. पुट्टी जवळपास लागत नाही. सवड मिळेल तसे शनिवार-रविवार बसलात तरी थोड्याच आठवड्यांत रंगापर्यंत पोचता.

मिनीआर्ट कीव्हची. टी-५४ आणि टी-५५ ची तिची मालिका गेल्या दशकभरातली. टी-५४ च्या अगदी पहिल्या उत्पादनापासून पुढच्या टी-५५ पर्यंत प्रत्येक टप्प्याचा वेगळा डबा, आणि नावातच साल : मॉडेल १९६३, मॉडेल १९७० वगैरे. त्यातले काही ‘इंटिरियर किट’, म्हणजे आतलं इंजिन, गोळ्यांचे रॅक, चालकाची जागा सगळं दिलेलं. अशा डब्यात भागांची संख्या हजाराच्या पुढे जाते. सोबत फोटो-एचचा, म्हणजे बारीक भाग कोरून काढलेला पितळी पत्राही येतो. त्याला प्लॅस्टिकचं सिमेंट चालत नाही, फेव्हिक्विकसारखा गोंद लागतो. तोही थेंबानं नाही, टाचणीच्या टोकानं.

खरा फरक चाकांपाशी आणि ट्रॅकपाशी, म्हणजे चाकांभोवतीच्या साखळीपट्ट्यापाशी कळतो.

टी-५५ ला बाजूला पाच मोठी चाकं, पहिल्या आणि दुसऱ्यामध्ये ठळक फट. वर ट्रॅक पेलणारे छोटे रोलर नाहीत. त्यामुळे ट्रॅकचा वरचा भाग स्वतःच्या वजनानं चाकांवर टेकतो, मध्ये किंचित झोळ पडतो. हा झोळ नीट आला नाही तर बाकी काम कितीही देखणं असो, गाडी खेळण्यातली वाटते. टामिया देतं विनाइलचा सलग पट्टा. तो पुढच्या आणि मागच्या चाकावर चढवला की वरून रबर बँडसारखा ताणून उभा राहतो, चाकांना टेकतच नाही. उपाय आहे : वरची बाजू चाकांच्या माथ्यावर थेंब-थेंब गोंदानं चिकटवायची आणि गोंद धरेपर्यंत फेंडर (ट्रॅकवरचा आडवा पत्रा) आणि ट्रॅकच्या मध्ये स्पंजचे तुकडे कोंबून ठेवायचे. जमतं. पण खऱ्या पोलादी ट्रॅकचा जडपणा त्यात पुरता येत नाही, हे मान्य करून पुढे जायचं.

मिनीआर्टमध्ये एकेक कडी सुटी. खऱ्या गाडीवर एका बाजूला नव्वदेक कड्या, तेव्हा तुमच्याही वाट्याला साधारण तेवढ्याच, गुणिले दोन. प्रत्येक कडी कापायची, घासायची. मग पोलादी पट्टीच्या कडेनं मास्किंग टेपवर रांगेत मांडून पातळ सिमेंटनं जोडायची. सिमेंट पुरतं वाळायच्या आत, साधारण अर्ध्या तासात, ती अख्खी रांग उचलून चाकांभोवती गुंडाळायची आणि बोटानं हवा तिथे झोळ द्यायचा. हा अर्धा तास सापडला की निकाल असा येतो की टामियाचा पट्टा पुन्हा हातात धरवत नाही. या कामाचा कंटाळा येणार असेल तर मात्र मिनीआर्टच्या वाटेला जाऊच नका. मी गमतीनं म्हणत नाही.

चाकांच्या भुजांचंही तेच. मिनीआर्टमध्ये त्या सुट्या बसवाव्या लागतात आणि एखादी जराशी वर राहिली की ते चाक हवेत. सिमेंट ओलं असतानाच तळ जाड काचेवर ठेवून सगळी चाकं टेकतायत ना ते पाहा. बारीक हँडल आणि हुक कापताना आधी स्प्रूचा (भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा) भोवतालचा भाग तोडून ताण काढा, नाहीतर हँडल दोन तुकड्यांत हाती येतं.

इंटिरियरविषयी माझं मत स्पष्ट आहे : पहिल्या टी-५५ ला नको. हा डबा चांगलाच महाग पडतो, शिवाय कामाचा क्रमच बदलतो. थोडं जोडा, रंगवा, वाळू द्या, पुन्हा जोडा. आणि एवढं करून इंजिनाची झाकणं, टरेट (वरचा तोफेचा फिरता घुमट) उघडी ठेवणार नसाल तर ते सगळं कायमचं आत गडप. झाकणं उघडी ठेवून दुरुस्तीचा देखावा मांडायचा असेल तर गोष्ट वेगळी. मिनीआर्टच घ्यायचं तर बिनइंटिरियरचा डबा पाहा.

आता ज्यांना १९७१ चा भारतीय रणगाडा करायचाय त्यांच्यासाठी. त्या युद्धात आपल्याकडे टी-५४ आणि टी-५५ दोन्ही होते आणि पाकिस्तानकडे चिनी टाइप ५९, म्हणजे टी-५४ए चीच चिनी आवृत्ती. जम्मूकडच्या छांब आघाडीवर दोन्ही बाजूंना एकाच घराण्यातल्या गाड्या. लांबून आपली कुठली ते कळावं म्हणून भारतीय गाड्यांच्या तोफेच्या नळीवर मधोमध एक खोटा धूरशोषक (गोळा सुटल्यावर नळीतला धूर बाहेर ओढणारा फुगवटा) बसवला होता. खरा नळीच्या तोंडाशी असतो, तो तसाच राहायचा. कुठलंही किट घ्या, हा मधला फुगवटा बहुधा तुम्हालाच करावा लागेल : पातळ प्लॅस्टिक शीटची पट्टी नळीभोवती गुंडाळायची, दोन्ही कडा घासून उतरत्या करायच्या. रुंदी आणि जागा त्या काळची छायाचित्रं बघून ठरवा.

या कामासाठी टामियाचा डबा थोडा अडचणीचा. तो टी-५५ए आहे. ‘ए’ मध्ये किरणोत्सारापासून बचावाचं जादा अस्तर आलं, झाकणांभोवतीचे भाग जाड झाले आणि पुढच्या तिरक्या पत्र्यातून गोळी झाडणारी मशीनगन गेली. साध्या टी-५५ ला त्या पत्र्यात मधोमध बारीक भोक असतं. ते ड्रिलनं पाडता येईल, झाकणांचं काम मात्र किचकट. काटेकोर भारतीय टी-५५ हवा असेल तर सरळ मिनीआर्टचा साधा टी-५५ घ्या. टी-५४ हवा असेल तर टरेटच्या छतावर उजवीकडे, लोडरच्या (तोफ भरणाऱ्या सैनिकाच्या) झाकणापुढे घुमटासारखं व्हेंटिलेटर आहे ना ते पाहा. टी-५५ ला ते नाही.

टरेट ओतीव पोलादी, खरबरीत. किट कुठलंही असो, मी वरून पातळ सिमेंट लावून जुन्या टूथब्रशनं टोचे मारतो. खरबरीतपणा किती ठेवायचा हे फोटोवरून कळत नाही. नगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन ओतीव टरेट असलेल्या गाड्या जवळून पाहिल्यात तर अंदाज येतो. बहुतेक लोक गरजेपेक्षा जास्त टोचतात.

रंगाचा खर्च आधीच धरा. सिमेंट आणि लॅकर ज्वलनशील, त्यामुळे विमानानं येणाऱ्या कुरिअरमध्ये अडतात. शक्यतो आपल्याकडच्याच दुकानातून घ्या. पाण्याचे अ‍ॅक्रिलिक असतील तर ही कटकट नाही. लॅकर किंवा मॅट व्हार्निश मात्र पावसाळ्यात मारू नका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत वाळताना त्यावर पांढरी झाक चढते आणि हिरवा रंग पिठूळ दिसू लागतो.

जागेची अडचण असेल तर हेही मोजून घ्या : नळीसकट खरी गाडी नऊ मीटरची, म्हणजे १/३५ मध्ये सुमारे २६ सेंटिमीटर. १/७२ मध्ये साडेबारा. त्या मापात ट्रम्पेटरचा टी-५५ मिळतो. तो करून हात बसला, की मोठ्या डब्यांपैकी तुमचा कुठला ते तुम्हालाच कळेल, आणि तोवर खिशाला फारशी तोशीस पडलेली नसेल.