बागेतल्या सेन्सरला लोरा घ्यावं की सिम?

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, पलूस, कवठे महांकाळ भागात द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या तयारीबरोबर आता जमिनीतल्या ओलाव्याच्या आणि पानओलाव्याच्या सेन्सरचीही चौकशी सुरू होते. विक्रेते सेन्सरबद्दल भरभरून सांगतात, पण तो आकडा बागेतून फोनपर्यंत कसा यायचा, हे दोन वाक्यांत उरकतात. दोन हंगामांनी यंत्र चालू आहे की खुंटीला टांगलंय, हे मात्र बहुतेक वेळा त्यावरच ठरतं. म्हणून इथे फक्त तेवढंच बघू.

पर्याय तीन आहेत. लोरा म्हणजे कमी ताकदीत लांबवर पोचणारा रेडिओ, त्यात सेन्सरला सिम लागत नाही. शिवारात आपला एक गेटवे, म्हणजे सगळ्या सेन्सरांचे निरोप झेलून पुढे पाठवणारा डबा, बसवायचा आणि इंटरनेट फक्त त्याला द्यायचं. एनबी-आयओटीत प्रत्येक सेन्सरमध्ये सिम असतं आणि तो मोबाइल कंपनीच्या टॉवरशी रेडिओलहरींच्या अगदी अरुंद पट्ट्यात बोलतो. तिसरं साधं फोर-जी. टू-जीवरची यंत्रं अजूनही स्वस्तात मिळतात, ती घेऊ नका. जिओकडे टू-जी नाहीच, आणि त्यातल्या जुन्या जीएसएम (टू-जी) मॉड्यूलला निरोप धाडताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट लागतो. छोट्या बॅटरीला तो झेपत नाही.

फोर-जी वेगवान आहे, मग तेच का नको? याचं उत्तर अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेल्या सूत्रात आहे. पट्टा तेवढाच ठेवून त्यातून जास्त माहिती काढायची, तर सिग्नलची ताकद भरमसाट वाढवावी लागते. एका हर्ट्झमागे सेकंदाला एक बिट हवा असेल तर सिग्नल गोंगाटाइतका, म्हणजे हवेतल्या नको असलेल्या लहरींइतका, असला तरी पुरतो. दोन बिटांना तो गोंगाटाच्या तिप्पट लागतो, चार बिटांना पंधरापट, सहा बिटांना त्रेसष्टपट. व्हिडिओ बघायचा तर ही किंमत मोजायलाच हवी. ओलाव्याचा आकडा दर पंधरा मिनिटांनी जेमतेम दहा बाइटचा, त्याला एवढी घाई कशाला?

लोरा नेमकं उलट करतं. थोडीशी माहिती १२५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात पसरवून सावकाश पाठवतं, त्यामुळे गोंगाटाखाली दबलेला सिग्नलही गेटवेला ऐकू येतो. किती सावकाश, ते स्प्रेडिंग फॅक्टर, म्हणजे एसएफ, ठरवतो. एसएफ-७ वर सेकंदाला सुमारे ५,५०० बिट जातात, एसएफ-१२ वर तीनशेच्याही आत. तोच दहा बाइटचा निरोप, पत्ता वगैरे जोडणी धरून, एसएफ-७ वर हवेत साधारण ६० मिलिसेकंद राहतो, एसएफ-१२ वर जवळपास दीड सेकंद.

बॅटरी आणि स्पेक्ट्रम (लहरींचा पट्टा), दोन्हींचा खर्च या हवेतल्या वेळातच होतो. पाठवताना ४० मिलिअँपिअर लागतात असं धरा. दर पंधरा मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला ९६ निरोप. एसएफ-१२ वर वर्षाला सुमारे ५८० मिलिअँपिअर-तास नुसते पाठवण्यात जातात, एसएफ-७ वर २४. आता शेजाऱ्यांचं बघा. भारतात ठरलेल्या तीन मूळ चॅनेलवर २०० सेन्सर असतील आणि सगळे एसएफ-१२ वर असतील, तर ढोबळ हिशेबाने दर पाचवा निरोप दुसऱ्याशी आदळून वाया जातो. एसएफ-७ वर शंभरात एकही वाया जात नाही. शिवाय हा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना आहे, सगळ्यांचा आहे. रेंज कमी पडायला नको म्हणून बसवणारा सगळेच सेन्सर एसएफ-१२ वर लावून गेला, तर आपली बॅटरी जातेच, शेजारच्या गटाचे निरोपही बुडतात. म्हणून एडीआर, म्हणजे अंतर बघून वेग आणि ताकद आपोआप जुळवणारी सोय, चालू करून मागा. याबाबत मी तडजोड करणार नाही.

एनबी-आयओटीत ही आदळआपट जवळजवळ नसते, कारण पट्टा कंपनीने विकत घेतलेला असतो आणि कोणी कधी बोलायचं ते टॉवर सांगतो. २०१६ साली ठरलेलं हे तंत्र १८० किलोहर्ट्झमध्ये, फोर-जीच्याच पट्ट्याच्या एका कप्प्यात बसतं. जुन्या जीपीआरएसपेक्षा, म्हणजे टू-जीवरच्या इंटरनेटपेक्षा, २० डेसिबल, म्हणजे शंभरपट मंद सिग्नलही चालावा असा त्याचा बेत आहे. पण सिग्नल मंद असला की तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवला जातो, वरच्या दिशेला १२८ वेळांपर्यंत, आणि बॅटरी तिथेच संपते. टॉवर जवळ असेल आणि पीएसएम नावाची गाढ झोप चालू असेल, तर एक सेल वर्षानुवर्षं पुरतो. फोनला फुल रेंज आहे म्हणजे त्या टॉवरवर एनबी-आयओटी आहे, असं मात्र नाही. सिम घालून, बागेत, सेन्सर जिथे लावायचा त्याच जागी चाचणी घ्या.

गेटवेच्या विजेचा विषय सहसा कोणी काढत नाही. तो चोवीस तास ऐकत असतो. सुमारे ५ वॅट धरले तर वर्षाला ४४ युनिट झाले. साठ सेन्सरांत वाटले तर किरकोळ, पण तीन सेन्सरांसाठी स्वतंत्र गेटवे म्हणजे उधळपट्टी. एनबी-आयओटीत हा खर्च आपल्यावर येत नाही, टॉवर फोनसाठी चालूच असतो.

आता जमिनीकडे बघू. तासगाव-मिरजेकडच्या सपाट रानात वस्तीवरच्या पाण्याच्या टाकीवर अँटेना चढवली की काही किलोमीटरचं शिवार सहज मिळतं. शिराळ्याच्या पश्चिमेला किंवा साताऱ्याकडे जावळी, पाटणच्या घड्यांमध्ये डोंगर आड आला की एक गेटवे पुरत नाही. पीकही आडवं येतं. मोकळ्या रानात उत्तम चाललेला सेन्सर ऊस पुरुषभर वाढला की मंदावतो, कारण ओली पानं सिग्नल खातात. द्राक्षात अँटेना मांडवाच्या तारांच्या खाली किंवा तारेला खेटून ठेवू नका. मांडवाच्या लोखंडी अँगलच्या वर हातभर काढा. या एका दुरुस्तीने सेन्सर दोन-तीन पायऱ्या खालच्या एसएफवर येऊ शकतो, आणि प्रत्येक पायरीला हवेतला वेळ साधारण निम्मा होतो.

माझा कौल असा. एकाच शिवारात दहा-पंधरा बागायतदार एकत्र येत असतील, तर लोरा. गेटवे गटाच्या नावावर घ्या आणि त्याच्या बॅटरीची देखभाल एकाकडे नेमून द्या. एकट्याची दोन-तीन तुकड्यांत विखुरलेली बाग असेल आणि चाचणीत सिग्नल चांगला आला, तर एनबी-आयओटी. चाचणी फसली तर शेजाऱ्याला बरोबर घेऊन लोराकडे या.

मोटरीचं गणित वेगळं आहे. बॅटरीवरचा लोरा सेन्सर बहुधा स्वतः निरोप पाठवल्यावरच क्षणभर ऐकतो. ‘मोटर बंद कर’ हा हुकूम त्याला पंधरा मिनिटांनी कळला तर काय उपयोग? स्टार्टरपाशी वीज असतेच, म्हणून तिथे फोर-जी कॅट-१ (फोर-जीचा कमी वेगाचा प्रकार) चं यंत्र सरळ घ्या. फक्त शेतीची लाईट ठरलेल्या वेळेतच असते, तेव्हा त्यात बॅकअप बॅटरी असावी, म्हणजे लाईट गेल्याचा निरोपही येईल. लोरावरच मोटर चालवायची असेल तर सतत ऐकणारा क्लास-सी प्रकार मागा आणि त्याला स्टार्टरमधूनच वीज द्या.

पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून एक गोष्ट लेखी घ्या: बॅटरीची वर्षं सांगताना त्याने कोणता एसएफ आणि दिवसाला किती निरोप धरलेत. ‘दहा वर्षं’ हा आकडा दिवसाला एक-दोन निरोपांवर काढलेला असेल, तर तो तुमच्या ९६ निरोपांना लागू होणार नाही.